गेलिक लीग हा क्रांतीचा मुखवटा नव्हता

आयर्लंडबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यातला दावा असा: गेलिक लीग, म्हणजे आयरिश भाषा जगवण्यासाठी निघालेली संस्था, ही क्रांतिकारकांचा मुखवटा, वरवर भाषेचे वर्ग आणि आत बंदुकांची तयारी, सभासद सगळे कट्टर कॅथलिक, ब्रिटिश सत्तेविरुद्धचा 1916 चा उठाव लीगनेच केला, आणि टिळकांनी होमरूल लीग काढली तीही हिच्यावरूनच. भाषेसाठी आयुष्य घातलेल्या माणसांवर हा अन्याय आहे, म्हणून उत्तर देतो.

1893 साली डब्लिनमध्ये लीग निघाली ती राजकारण आणि धर्म बाहेर ठेवायचे, या अटीवर. अध्यक्ष डग्लस हाइड यांनी ही अट बावीस वर्षं सांभाळली. 1915 मध्ये डंडॉकच्या अधिवेशनात तरुणांनी स्वतंत्र आयर्लंड हे उद्दिष्ट मंजूर करून घेतलं आणि हाइड अध्यक्षपद सोडून गेले. सुरुवातीपासून सगळं सोंगच असतं, तर त्यांच्यावर ही वेळ का आली असती? रिपब्लिकन ब्रदरहूड या गुप्त क्रांतिकारी संघटनेची माणसं लीगमध्ये शिरली हे खरंच आहे. पण त्यांनी ती उभारली नाही.

भाषा हा बहाणा? डोनेगलमधल्या नीअल मॅक गिला व्रीदे या माणसाने आपल्या गाडीवर स्वतःचं नाव आयरिशमध्ये रंगवलं. गाडीवर मालकाचं नाव वाचता येईल असं हवं, हा कायदा. आणि आयरिश अक्षरं सरकारच्या लेखी त्यात बसत नव्हती. दंड झाला. 1905 मध्ये प्रकरण डब्लिनच्या कोर्टात गेलं, तेव्हा त्याची बाजू मांडायला उभा होता पंचविशीतला पॅट्रिक पिअर्स. खटला हरला. पुढे उठावाचा नेता झालेला हा तरुण त्या काळात लीगचं साप्ताहिक चालवत होता, आणि 1908 मध्ये त्याने शाळा काढली. लीगचे फिरते शिक्षक सायकलवरून गावोगाव जाऊन वर्ग घेत होते. हे सगळं दाखवण्यापुरतं होतं असं म्हणणं मला पटत नाही.

कॅथलिकांचा मुद्दा तर उलटाच आहे. हाइड प्रॉटेस्टंट धर्मगुरूचे चिरंजीव. नव्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशाला आयरिश सक्तीची करा, ही लीगची मागणी कॅथलिक बिशपांनाच मान्य नव्हती. मेनूथच्या कॅथलिक धर्मशिक्षण महाविद्यालयात आयरिश शिकवणारे फादर मायकल ओ'हिकी यांनी बिशपांवर जाहीर टीका केली आणि 1909 मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली. मागणी मात्र मान्य झाली. 1913 पासून सक्ती लागू झाली.

उठाव लीगनेच केला, यात अर्धं सत्य आहे. उठावाच्या नेत्यांपैकी पिअर्स, टॉमस मॅकडोना, एमन केंट हे तिघे लीगमध्येच घडले. पण टॉम क्लार्क फेनियन, म्हणजे जुन्या सशस्त्र क्रांतिकारकांच्या परंपरेतले, इंग्रजांच्या तुरुंगात पंधरा वर्षं काढलेले. जेम्स कॉनली कामगार चळवळीतले. आणि लीगचे सहसंस्थापक ओवेन मॅकनील? ज्या सशस्त्र स्वयंसेवक दलाच्या बळावर उठाव व्हायचा होता त्याचे ते प्रमुख होते, आणि उठावाच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात हुकूम छापून त्यांनीच दलाच्या हालचाली रद्द केल्या.

राहिली टिळकांची होमरूल लीग. एप्रिल 1916 मध्ये ती बेळगावात स्थापन झाली, त्याच महिन्यात डब्लिनमध्ये उठाव झाला; बहुधा त्यातूनच हा घोटाळा होतो. होमरूल, म्हणजे स्वराज्य, हे नाव आयर्लंडचंच, पण ते तिथल्या संसदीय पक्षाच्या मागणीचं. ती मागणी 1870 च्या दशकातली, म्हणजे गेलिक लीगच्या कितीतरी आधीची.