येरवड्याचे दोन दरवाजे

आमच्या लहानपणी पुण्यात ‘तो येरवड्याला गेला’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: जेलात की वेड्यांच्या इस्पितळात? दोन्ही तिथेच. परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरूनच जुंपली. एका खुनाच्या खटल्यात आरोपी मनोरुग्ण असल्याचं वकिलाने मांडलं होतं. ‘वेडाचं सोंग घेतलं की सुटले,’ असा सगळ्यांचा सूर. एकाने मला टोमणाही मारला, “तुमच्या कॅनडात तर असल्यांना मोकळंच सोडतात.”

सोडतात. मी राहते त्या विनिपेगला येणाऱ्या बसमध्ये 30 जुलै 2008 ला व्हिन्स लीने शेजारच्या सीटवर झोपलेल्या 22 वर्षांच्या टिम मॅक्लीनला भोसकून मारलं. पुढचं लिहवत नाही. लीला स्किझोफ्रेनिया होता, देवाचा आवाज ऐकू येत होता. 2009 मध्ये कोर्टाने त्याला गुन्ह्यास जबाबदार न धरता सेलकर्कच्या मनोरुग्णालयात पाठवलं. मग अशा रुग्णांना ठेवायचं की सोडायचं ते ठरवणाऱ्या मंडळापुढे दरवर्षी सुनावणी. आधी पहाऱ्यात आवारात, मग गावात आणि 2017 मध्ये पूर्ण मोकळा. मॅक्लीनची आई सतत विरोध करत राहिली. माझी शेजारीण म्हणते, “त्याच्या शेजारी मी बसणार नाही.” खरं सांगू? मीही नाही बसणार.

पण दरवर्षी त्याची फाइल कुणीतरी उघडत होतं. आसामच्या मचांग लालुंगची कुणी उघडली? 1951 मध्ये, तेविशीत, मारहाणीच्या आरोपावरून पकडला आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात टाकला. 1967 मध्ये डॉक्टरांनी बरा झाल्याचं लिहून दिलं, तर घरी सोडायचं सोडून जेलात रवानगी. खटला चाललाच नाही. 2005 मध्ये सुटला तेव्हा 77 वर्षांचा होता. ‘वेडाच्या भरात केलेला गुन्हा, गुन्हा नव्हे’ हे भारतीय दंड संहितेतलं कलम 84 तेव्हाही होतंच की! आता भारतीय न्याय संहितेत त्याचं 22 झालंय, एवढंच.

इथे कॅनडात सगळं आलबेल आहे असंही नाही. 2007 मध्ये ऑन्टारियोच्या तुरुंगात 19 वर्षांच्या ॲशली स्मिथने गळ्याभोवती फास आवळला आणि पहारेकरी बाहेर उभे राहून बघत होते. श्वास चालू आहे तोवर आत जायचं नाही, असा त्यांना हुकूम होता.

टोमणा मारणारा मित्र कल्याणीनगरला राहतो, स्कूटरवरून दहा मिनिटांत दोन्ही दरवाजे. त्याला म्हटलं, सोंगाचं नंतर बघू. खटला चालवण्याच्या मनःस्थितीत नाहीत म्हणून आत पडून असलेले कच्चे कैदी तिथे किती, आणि प्रत्येकाला न्यायाधीशासमोर शेवटचं कधी उभं केलं, एवढं माहितीच्या अधिकारात विचार. अर्जाचा मसुदा मी करून देते.