ऑनर्स म्हणजे नवी 'अ' तुकडी? एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांच्या, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजांच्या, ऑनर्स प्रोग्रॅमवर (निवडक विद्यार्थ्यांसाठीचे जास्त सखोल वर्ग) मी लिहिलं, त्यावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप दोन आहेत. ज्या कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं, तिथेही पुन्हा हुशारांची 'अ' तुकडी पाडायची, हे चूक. आणि ही मुलं तशीही पुढे गेलीच असती, तेव्हा तो पैसा मागे पडणाऱ्यांवर खर्च व्हावा.

'तशीही गेलीच असती' हे मला अजिबात मान्य नाही. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दहांपैकी साधारण आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची असते. सहा वर्षांत ती मिळते सुमारे 16 टक्क्यांना. या गळतीत उत्तम गुणांची मुलंही असतात. अभ्यास त्यांना जमतो. कुठला कोर्स कुठलं विद्यापीठ धरेल, हे सांगणारं कुणी नसतं. जीएओ या सरकारी तपासणी संस्थेने 2017 मध्ये अंदाज दिला होता, की कॉलेज बदलणाऱ्यांची सरासरी 43 टक्के क्रेडिट्स, म्हणजे पुऱ्या केलेल्या कोर्सचं श्रेय, वाया जातात. घरात आधी कुणीच कॉलेजला गेलेलं नसेल, तर हा फटका बसेपर्यंत कळतही नाही.

ऑनर्सचं मोल मला इथे दिसतं. यूसीएलए, म्हणजे लॉस एंजेलिसचं सरकारी विद्यापीठ. त्याचा ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅम 1985 पासून चालू आहे. त्यात सामील असलेल्या कम्युनिटी कॉलेजचा ऑनर्स अभ्यासक्रम पुरा केला, की यूसीएलएच्या लेटर्स अँड सायन्स (कला आणि विज्ञान) विभागात अर्जाचा प्राधान्याने विचार होतो. प्रवेशाची हमी नाही, पण रस्ता आखलेला असतो आणि तो दाखवणारा समुपदेशक असतो. शिवाय लहान वर्गात शोधनिबंध लिहून घेणारे प्राध्यापक मुलाला नावाने ओळखतात. अनेक खासगी विद्यापीठांना शिफारसपत्र लागतं, आणि दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या गर्दीच्या वर्गात मागे बसणाऱ्याने ते मागायचं कुणाकडे?

पैशाबद्दल तुम्ही न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांतल्या 'असॅप' या मदत योजनेचं उदाहरण दिलंत, ते अगदी योग्य. कमी तयारीनिशी आलेल्या मुलांवरच्या त्या प्रयोगात तीन वर्षांत पदवी मिळवणारे 22 वरून 40 टक्क्यांवर गेले, आणि तेही चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून तपासलेलं. ऑनर्सकडे इतका भक्कम पुरावा मला दिसत नाही. निवडून घेतलेल्या मुलांचं यश म्हणजे प्रोग्रॅमचं यश नव्हे, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण 'असॅप'ने दिलं काय? ठरलेला समुपदेशक, पुस्तकांचा खर्च, प्रवासाचा पास. त्यासाठी ऑनर्स बंद करायला नको, राज्याने कम्युनिटी कॉलेजला जास्त पैसे द्यायला हवेत. सगळ्यात कमी पैशांत चालणाऱ्या कॉलेजातल्या दोन गटांनी एकमेकांच्या ताटातलं का ओढावं?

आता 'अ' तुकडी. आपल्याकडे पाचवीत पडलेली तुकडी दहावीपर्यंत कपाळाला चिकटायची. इथे अनेक कॉलेजांत बारावीपर्यंतचे गुण यथातथा असले तरी पहिल्या सत्रात चांगले गुण मिळवून आत येता येतं. तिशीत परत शिकायला आलेली आईसुद्धा येते. काही ठिकाणी 'ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट' असतो: वर्ग नेहमीचाच, प्राध्यापकांशी ठरवून जादा काम करायचं आणि ऑनर्सचं श्रेय मिळवायचं. जिथे फक्त शाळेचे गुण पाहतात, किंवा पूर्णवेळ शिकणाऱ्यांनाच घेतात, तिथे मात्र तुमचा आक्षेप शंभर टक्के लागू आहे. नोकरी करणाऱ्याला दारातच अडवणारा ऑनर्स कम्युनिटी कॉलेजला शोभत नाही, आणि हे त्या कॉलेजांना स्पष्ट सांगायला हवं.

शेवटी तुम्ही भाचीबद्दल विचारलंत. कॅलिफोर्नियात तिथल्या रहिवाशांना फी युनिटला (क्रेडिटला) 46 डॉलर, आणि ऑनर्सच्या वर्गालाही तितकीच, त्यामुळे ऑनर्सच्या जादा खर्चाची काळजी नको. पण तिला इंजिनिअरिंगला जायचंय. यूसीएलएचं ते प्राधान्य इंजिनिअरिंगला लागू नाही. तिने आधी कॅल्क्युलस आणि फिजिक्सचे कोर्स ओळीने लावून घ्यावेत, कुठला कोर्स कॅलिफोर्नियातलं कुठलं सरकारी विद्यापीठ धरेल हे दाखवणाऱ्या 'असिस्ट' या संकेतस्थळावर प्रत्येक कोर्स पडताळावा, आणि मग वेळ उरला तर आवडीच्या विषयात ऑनर्सचा एखादा वर्ग जरूर घ्यावा.