सांता मोनिकाची धावपट्टी आणि पुरंदरचे अंजीर

शाळेच्या ग्रुपवर पुण्याजवळ व्हायच्या पुरंदर विमानतळाचा आणि त्याला शेतकऱ्यांच्या विरोधाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास लिहितो, "अमेरिकेत असले लाड चालतात का? तिथे गावोगावी विमानतळ!" मग साक्षीला मला ओढतात.

घ्या साक्ष. मी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात राहतो, विमानतळाच्या इतका जवळ की फोनवर बोलताना मध्येच थांबावं लागतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे गवतावरच विमानं उतरत. त्याचं पुढे क्लोव्हर फील्ड झालं. मार्च १९२४ मध्ये इथून डग्लस या विमान कंपनीची चार विमानं निघाली आणि त्यांतल्या दोघांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली; हवेतून झालेली ती पहिलीच. १९२६ मध्ये शहराने ही जमीन घेतली, तीही मतदारांनी उद्यानासाठी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून! डग्लसचंच डीसी-३ हे प्रवासी विमान पहिल्यांदा उडालं तेही इथूनच, १७ डिसेंबर १९३५ ला. कंपनीचा कारखाना वाढला, कामगारांची घरं धावपट्टीला येऊन भिडली. पुढे डग्लसला लांब धावपट्टी हवी होती. शहर नाही म्हणालं, कंपनी लाँग बीचला गेली. जेट आली तशी आवाजाची भांडणं कोर्टात गेली. २०१७ मध्ये तडजोड झाली: धावपट्टी ३,५०० फुटांवर आणायची आणि २०२८ संपलं की शहराला विमानतळ बंद करता येईल.

ज्याने शहर मोठं केलं तेच बंद करायला लोक निघालेत, आणि त्यांना कुणी विकासद्रोही म्हणत नाही. (म्हणतात, पण वकिलामार्फत.) तिकडे पुरंदरात सात गावांच्या अंजीर-सीताफळांच्या बागा जायच्या, आणि शेतकऱ्यांनी ड्रोनने होणारी जमीनमोजणी अडवली की कोथरूडच्या गॅलरीतून ते आडमुठे ठरतात.

पुण्याच्या सध्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, पुण्याने किती दिवस उसन्यावर भागवायचं, हा मुद्दा खरा आहे. मलाही मुंबईला उतरून मध्यरात्री टॅक्सीने घाट चढायचा कंटाळा येतो. थेट पुण्यात उतरायचंय. फक्त डोक्यावरून जेट नको, इथेही आणि जमलं तर आईच्या घरावरूनही.

२०१४ मध्ये इथे विमानतळाच्या जमिनीवर मतदान झालं, तेव्हा मी नागरिक नव्हतो. पुरंदरात माझा एक गुंठा नाही. तरी दोन्हीकडे ठणकावून बोलतो. ग्रुपवर एवढं सगळं लिहिल्यावर उत्तर आलं, "तुला काय, तू तिकडे." इथल्या सभेत मी उभा राहिलो तेव्हा एका आजोबांनीही विचारलं होतं, "तुम्ही इथे कधी आलात?" त्यांचे वडील डग्लसमध्ये होते. त्यांना विमानतळ राहायला हवाय.