‘मुठीचा गिअर घेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. गिअरची सायकल घेताना हँडलच्या मुठीवर फिरवायचा गिअर, म्हणजे ग्रिप शिफ्टर असेल तर घेऊ नका, असं तो सांगतो. कारणं पाच दिली आहेत. हे स्वस्त खेळणं आहे, जगात आता कोणी वापरत नाही. खड्ड्यात गिअर आपोआप पडतो. तो टिकत नाही. ट्रिगर, म्हणजे अंगठ्याने किंवा बोटाने दाबायच्या लिव्हरचा गिअर, झटपट पडतो, मुठीच्या गिअरला वेळ लागतो. आणि सोलापूरच्या उन्हात घामाने हात घसरतो. शेवटी सल्ला असा की आधीच घेतली असेल तर ताबडतोब ट्रिगर बसवून घ्या.

या पाचांतलं एक कारण खरं आहे, एक अर्धं खरं आहे आणि तीन चूक आहेत. शेवटचा सल्ला मात्र सगळ्यांत वाईट, कारण तो थेट खिशात हात घालतो. पैसे साठवून पहिली गिअरची सायकल घेतलेल्या कॉलेजच्या पोराला किंवा एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या कामगाराला ‘तुझ्या सायकलचा गिअरच भंगार आहे’ असं सांगणं मला अजिबात पटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘स्वस्त खेळणं’ इथून सुरुवात करू. आज सायकलच्या सुट्या भागांत शिमानो या जपानी कंपनीच्या तोडीला उभी असलेली स्रॅम ही अमेरिकन कंपनी १९८७ साली शिकागोत सुरू झाली, आणि तिचं पहिलं उत्पादन हा मुठीवर फिरवायचा शिफ्टरच होता. २०१२ साली त्याच कंपनीने आपल्या महागड्या माउंटन बाइकच्या दहा गिअरच्या संचांसाठी ग्रिप शिफ्टर नव्याने आणला. जर्मनीच्या रोलॉफ कंपनीचा चौदा गिअरचा हब, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यातच गिअर असलेला भाग, जगप्रवासाला निघणारे लोक मुद्दाम विकत घेतात, आणि तोही वर्षानुवर्षं मुख्यतः मुठीच्या शिफ्टरवर चालत आलाय. नेदरलँड्स आणि जर्मनीत ऑफिसला जायच्या साध्या सायकलींवर हबचे सात-आठ गिअर असतात, तिथेही मूठ फिरवणारे भरपूर दिसतील. हबचा गिअर आपल्याकडच्या, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरपेक्षा वेगळा, हे मान्य. पण ‘कोणी वापरत नाही’ हे वाक्य तेवढ्याने खरं ठरत नाही. आपल्याकडे कमी किमतीच्या एकवीस गिअरच्या सायकलींवर मुठीचा शिफ्टर जास्त दिसतो, त्यामुळे तो वाईटच असणार असा समज झालाय. त्याच किमतीच्या सायकलींवर ट्रिगरही येतो, तोही शिमानोच्या त्याच खालच्या श्रेणीतला.

आता खड्ड्यात आपोआप पडणाऱ्या गिअरबद्दल. ही तक्रार खोटी नाही, अनेकांना हा अनुभव येतो. पण गुन्हेगार बहुतेक वेळा दुसराच असतो.

मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलवर सात दातेरी चकत्या असतील तर दोन चकत्यांमधलं अंतर साधारण पाच मिलिमीटर असतं. शिफ्टरच्या एका टिचकीला केबल जेमतेम तीन मिलिमीटर सरकते. म्हणजे केबल अर्धा मिलिमीटर जरी अडकली किंवा ढिली पडली तरी चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुठेतरी कुरकुरत राहते आणि एक धक्का बसला की उडी मारते. अशी परिस्थिती आपल्याकडे सहज येते. केबलच्या आवरणात, ज्याला आपण औटर म्हणतो, त्याच्यात उन्हाळाभर धूळ जाते, जूनच्या पावसात तिचा चिखल होतो आणि आत तार गंजते. दुसरं कारण स्टँडवरचं. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या स्टँडवर एक सायकल पडली की रांगच्या रांग आडवी होते. सायकल उजव्या बाजूला पडली की डिरेलर ज्या कानाला लटकलेला असतो तो कान, म्हणजे हँगर, किंचित आत वाकतो. डोळ्यांना दिसतही नाही. गिअर मात्र त्या दिवसापासून बिनसतात.

ओळखायचं कसं? मुठीच्या शिफ्टरवर, हाताला लागूनच, गिअरचा आकडा दिसतो. सपाट रस्त्यावर चार नंबरला सायकल ठेवा आणि एखाद्या ठराविक खड्ड्यावरून न्या. चेन उडाली तर लगेच आकडा बघा. आकडा चारच असेल तर मूठ फिरलेलीच नाही, दोष केबलचा, हँगरचा किंवा झिजलेल्या चेनचा आहे. ट्रिगर बसवला तरी तो तसाच राहणार. आकडा बदलला असेल तर मात्र मूठ खरंच फिरली. हे होतं ते बहुधा सीटवरून उठून, हँडल स्वतःकडे ओढत चढ चढताना, कारण तेव्हा मनगट नकळत वळतं. आसरा पुलाच्या चढावर ताकद लावून उभं राहायची सवय असेल तर हा त्रास तुम्हाला होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे उठण्याआधीच हलका गिअर टाकायचा आणि बसूनच चढायचं. म्हणून हा मुद्दा मी अर्धा खरा धरतो.

‘टिकत नाही’ हा मुद्दा तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. मुठीच्या शिफ्टरमध्ये मोजकेच भाग असतात. केबल गुंडाळणारं एक प्लास्टिकचं चाक, टिचकी देणारी एक स्प्रिंग आणि वरून रबराची मूठ, मुख्यतः एवढंच. ट्रिगरच्या पोटात बारीक दातऱ्या, त्यांना अडवणारे खटके आणि त्या खटक्यांच्या केसासारख्या स्प्रिंगा असतात. ट्रिगरचा एक ठरलेला आजार आहे. दोन-तीन वर्षं सायकल गच्चीवर किंवा जिन्याखाली पडून राहिली की आतलं ग्रीस सुकून डिंकासारखं होतं आणि खटका दातऱ्यात बसेनासा होतो. मग अंगठ्याने दाबलं की लिव्हर पोकळ जाते, केबल हलतच नाही. पुष्कळ वेळा आत पातळ तेलाचा फवारा मारून पंधरा-वीस वेळा दाबत राहिलं की तो जिवंत होतो. दुकानदाराने ‘शिफ्टर गेला’ म्हणून नवीन बसवायला सांगितलं तर आधी हे करून बघा.

मुठीच्या शिफ्टरलाही एक गोष्ट चालत नाही. त्यात पेट्रोलियमचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल घालू नये, आतल्या प्लास्टिकला ते बाधतं. सिलिकॉनचं ग्रीस घालावं. रबर चिकट झालं असेल तर साबणाच्या पाण्याने पुसावं, रॉकेलने नाही.

वेगाचा मुद्दा थोडक्यात उरकतो. मूठ एकदा वळवली की सातवरून दोनवर येता येतं. ट्रिगरच्या अंगठ्याच्या लिव्हरला लांब दाबलं की दोन-तीन चकत्या जातात, म्हणजे दोनदा दाबावं लागतं. उलट दिशेने साध्या ट्रिगरवर एका दाबाला एकच गिअर पडतो. सात रस्त्यावरून वेग घेत निघताना आपण तसेही एकेक करूनच वाढवतो. फरक क्षणाचा आहे आणि असलाच तर मुठीच्या बाजूने आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा की डिरेलरचा गिअर पायडल फिरत असतानाच पडतो. सिग्नलला थांबून मग मूठ पिळली तर निघताना चेन करकरत, उड्या मारत जागेवर येते. थांबण्याआधी दोन हलके पायडल मारत गिअर उतरवायचा, शिफ्टर कुठलाही असो.

ट्रिगरच्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा त्या मेसेजमध्ये नाहीच. तो म्हणजे ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताला सहसा पुढचा ब्रेक असतो आणि मागचे गिअरही उजव्याच हाताला. नवी पेठेत किंवा मधल्या मारुतीच्या गर्दीत समोर अचानक रिक्षा वळते, तेव्हा ब्रेक दाबत असतानाच गिअर उतरवावा लागतो. ट्रिगरवर दोन बोटं ब्रेकवर राहतात आणि अंगठा मोकळा असतो, दोन्ही कामं एकत्र होतात. मूठ पिळताना ब्रेकवरची बोटं सैल पडतात. पिळायचं आणि दाबायचं एकाच वेळी नीट जमत नाही. ज्यांचा रोजचा रस्ता असल्या गर्दीतून जातो आणि ज्यांना उशिरा ब्रेक मारायची सवय आहे, त्यांनी ट्रिगरच घ्यावा, असं मी मनापासून सांगेन. सायकलला ट्रिगर का हवा याचं खरं उत्तर हे आहे, आणि ते सोडून मेसेज ‘खेळणं’ म्हणत बसलाय.

घामाचा मुद्दा खरा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारी होटगी रोडवर हँडल हातात टिकत नाही, आणि मूठ फिरवणं सगळं पकडीवरच अवलंबून असतं. रबरावरच्या रेघा झिजल्या असतील तर अजूनच त्रास. सुती हातमोजे उपयोगाचे नाहीत, तळव्याला रबरी ठिपके असलेले चालतात. जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून मुठीच्या फिरणाऱ्या भागावर चढवला तर पकड पुन्हा येते, आणि पंक्चरवाल्याकडे असा तुकडा सहज मिळतो. तरीही ज्यांच्या तळहाताला मुळातच जास्त घाम येतो त्यांना मुठीचा शिफ्टर मी सुचवणार नाही.

पण अंगठा दुखणाऱ्यांनी ट्रिगर घेण्याआधी थांबावं. अंगठ्याच्या बुंध्याचा सांधा झिजलेला असेल तर दर चौकाला ती लिव्हर दाबणं म्हणजे शिक्षा आहे. पूर्व भागात यंत्रमागावर दिवसभर तुटलेले धागे गाठणाऱ्यांची, विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं आधीच थकलेली असतात. साठी ओलांडलेल्या काकांनाही पूर्ण तळवा वापरून मूठ फिरवणं सोपं पडतं, आणि कुठली लिव्हर वर नेते, कुठली खाली, हा घोळ होत नाही. अशा माणसांना ‘घेऊ नका’ असं सरसकट सांगणं अन्यायाचं आहे. याउलट मनगटाचं दुखणं असेल तर पिळण्याचा त्रास होतो, तिथे ट्रिगर बरा.

आणि हा सगळा वाद फक्त उजव्या हाताचा आहे. सोलापूर शहर बहुतांशी सपाट आहे. पुढची चेन मधल्या चकतीवर ठेवली तर विजापूर रोड असो की अक्कलकोट रोड, पुढच्या चकत्या बदलणाऱ्या डाव्या शिफ्टरला हात लावायची वेळ क्वचितच येते.

आता ‘ताबडतोब बदलून घ्या’ या सल्ल्याकडे येतो. ट्रिगर बसवायचा तर गिअरची संख्या जुळली पाहिजे. शिमानो आणि स्रॅम केबल वेगवेगळ्या मापाने ओढतात, त्यामुळे शिमानोशी जुळणारी स्रॅमची मॉडेलं सोडली तर एकाचा शिफ्टर दुसऱ्याच्या डिरेलरवर चालत नाही. स्वस्तातला ट्रिगर बहुधा ब्रेकच्या लिव्हरसकट एकत्र येतो, म्हणजे जुनी लिव्हर काढायची आणि ब्रेक नव्याने लावायचा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर असला जोड चालतच नाही. मुठीच्या शिफ्टरबरोबर आखूड ग्रिप असते, तीही बदलून लांब घ्यावी लागते. वर मजुरी.

त्याआधी फक्त मागची गिअर केबल आणि तिचं औटर नवीन टाकून बघा. हा खर्च त्या सगळ्याच्या तुलनेत किरकोळ आहे. जुनी केबल काढल्यावर औटरमधला भाग बोटात धरून पाहा. तांबडा गंज आणि काळा चिकट थर बोटाला लागेल, तारेचा एखादा धागाही सुटलेला दिसेल. नवी टाकल्यावर चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला बॅरल, म्हणजे हाताने फिरवायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा बाहेर फिरवा, केबल ताणली जाते. हँगर वाकलाय का, हे मिस्त्रीला मागून बघायला सांगा. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं चकतीच्या सरळ रेषेत दिसली पाहिजेत.

नवी सायकल घेत असाल तर दुकानात दोन्ही प्रकारच्या सायकली मागा आणि बाहेर रस्त्यावर चालवा. चालता चालता ब्रेक अर्धा दाबून दोन गिअर उतरवा. अंगठा किंवा मनगट दुखतंय का बघा. मग बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन मूठ पुन्हा फिरवा. घसरली तर ट्रिगर घ्या, नाही घसरली तर त्या मेसेजचा विचारही करू नका.