‘खेळण्यातल्या डब्यांवर सर्व्हर सोडायचे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया परखड आहे आणि मुद्देसूदही, म्हणून उत्तर जरा लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन वेब सर्व्हरपुढे लोड बॅलन्सर (येणारं काम सर्व्हरांत वाटणारं यंत्र) म्हणून मी माझ्या लेखात सुचवलेले इंटेल एन१०० प्रोसेसरचे, चार पोर्टचे, बिनपंख्याचे दोन डबे ही खेळणी आहेत, वेगाला पुरी पडणार नाहीत, त्याऐवजी डबल पॉवर सप्लायचं एकच दणकट अप्लायन्स (याच कामासाठी बनवलेलं तयार यंत्र) रॅकमध्ये बसवावं. आणि काटकसरच करायची, तर रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाने काय घोडं मारलंय?

डबल पॉवर सप्लायने सप्लाय जळण्याची चिंता मिटते, बस. मदरबोर्ड गेला, फर्मवेअर अपडेटनंतर यंत्र उठलंच नाही, किंवा नुसता कर्नल पॅच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची दुरुस्ती) टाकून रीबूट करायचं झालं, तरी साइट बंद. तेच अप्लायन्स जोडीने घेत असाल तर माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही ‘एकच’ म्हणताय.

वेगाचा आक्षेप अर्धा खरा आहे. १ गिगाबिटची लाइन ६४ बाइटच्या फ्रेम्सनी (डेटाच्या तुकड्यांनी) भरली तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार पॅकेट्स होतात, आणि साध्या लिनक्सवर छोटा डबा तिथे धापा टाकेल. पण वेब ट्रॅफिक असा नसतो. १५१८ बाइटच्या फ्रेम्स धरल्या तर हाच आकडा ८१ हजारांच्या आसपास येतो. लेखात लाइन धरली होती ३०० एमबीपीएसची. तिच्यावर छोट्या पॅकेट्सचा मारा झालाच, तर आधी लाइन तुंबेल. तो आयएसपीकडेच अडवायला हवा.

पायबद्दल: पाय ४च्या प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वेगळ्या सूचना नाहीत, त्यामुळे टीएलएस (सुरक्षित वेबसाइटचं एन्क्रिप्शन) त्याच्यावर उतरवलं की सीपीयू घामाघूम. पाय ५मध्ये त्या आल्या, पण नेटवर्क पोर्ट अजून एकच. घरच्या प्रयोगाला झकास आहे, ऑफिसात नको.

आता खरी ग्यानबाची मेख. फेलओव्हर (एक डबा पडला की दुसऱ्याने ताबा घेणं) फसतो तो बहुतेक वेळा सेटिंगमध्ये, आणि तुमच्या अप्लायन्सलाही हे चुकणार नाही. व्हीआरआरपीत (ताबा असलेल्या डब्याने ‘मी जिवंत आहे’ असं जोडीदाराला कळवत राहण्याची पद्धत) १ सेकंदाचा इंटरव्हल आणि १०० प्रायॉरिटी असेल तर दुसरा डबा साधारण ३.६ सेकंदांत ताबा घेतो. पण हे डबा मेला तर! डबा जिवंत आणि त्यावरचं काम वाटणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एचएप्रॉक्सी, मेलेला, अशा वेळी कीपअलाइव्हडला (व्हीआरआरपी चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) स्वतःहून काहीच कळत नाही. त्याच्यावर नजर ठेवणारी ट्रॅक स्क्रिप्ट तुम्हालाच लावावी लागते. मागचा सर्व्हर पडल्याचं एचएप्रॉक्सीला कळायला मूळ सेटिंगवर (दर २ सेकंदांनी तपासणी, ३ वेळा नापास) सहाएक सेकंद जातात, ते वेगळेच.

याहून छुपी गोष्ट स्विचची. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये डेटा गोल गोल फिरू नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) चालू असेल तर रीबूट झालेल्या डब्याचा पोर्ट सुमारे ३० सेकंद डेटा पुढे सोडत नाही. तेवढ्यात त्या डब्याला जोडीदाराचा आवाज येत नाही आणि तो स्वतःला मास्टर (ताबा असलेला डबा) समजून बसतो. म्हणून त्या पोर्टांवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग) लावा. दोन्ही डब्यांची सुरुवातीची स्टेट बॅकअप ठेवून नोप्रीएम्प्टही द्या, म्हणजे परत आलेला डबा विनाकारण ताबा हिसकावणार नाही. दोघांना वेगवेगळे यूपीएस हवेत हे सांगायला नकोच, तरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेली जोडी दिसते.

एक मर्यादा मात्र लेखात ठळकपणे यायला हवी होती असं तुम्ही म्हणता, तर इथे सांगतो: ताबा बदलताना एचएप्रॉक्सीवरची चालू टीसीपी कनेक्शन्स तुटतात. पान पुन्हा लोड केलं की काम चालतं, पण अर्ध्यावर आलेलं अपलोड पुन्हा करावं लागतं. महागडं अप्लायन्स हे टाळतं का, हे विक्रेत्याला डेमोत केबल उपटून दाखवायला सांगा.

तुमच्याकडे डब्यांच्या पुढचा स्विच एकच आहे की दोन, तेवढं कळवा. दोन असतील तर त्या चार पोर्टांतले दोन बॉन्डिंगला (दोन पोर्ट मिळून एकासारखे चालवायला) कसे वापरायचे ते लिहितो.