फुकटातले दुप्पट वॅट

रविवारी सकाळी साडेसातला मामांचा फोन. "अरे, मशीन दहा मिनिटं वाजतं आणि खट् करून बंद पडतं. वर ‘प्रोटेक्ट’ असं येतं. कुणापासून प्रोटेक्ट?"

मामा पुण्यात सहकारनगरला राहतात. दिवाळीत मुलीने त्यांना होम थिएटर घेऊन दिलं, ते चार महिने विनातक्रार वाजलं. मग तळजाई टेकडीवर फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज अवतरला: ‘फ्रंट स्पीकर जोडण्याची ५ गुपितं, दुकानदार कधीच सांगणार नाही’. मलाही तो दोन ग्रुपवर आला होता आणि मी न वाचता पुसला होता. मामांमुळे वाचावा लागला. त्यातली पाच रत्नं अशी. एक, ऑक्सिजनमुक्त तांब्याची महागडी वायर नसेल तर निम्मा आवाज वाटेतच मरतो. दोन, डाव्या-उजव्या वायरची लांबी तंतोतंत सारखी हवी, नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा येतो. तीन, लाल-काळं बघायची गरज नाही, कारण आवाजाचा प्रवाह उलटसुलटच वाहतो. चार, जुने स्पीकर फेकू नका, फ्रंटच्याच टर्मिनलला (वायर अडकवायच्या जागेला) जोडा. ओहम (रोधाचं माप) निम्मे, वॅट दुप्पट, तेही फुकट. पाच, अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) चालू ठेवूनच वायर जोडा, म्हणजे लगेच आवाजावरून कळतं.

मी चौथ्यापासून सुरू करतो, कारण मामांनी नेमकं तेच केलं होतं. कॅसेट डेकच्या जमान्यातले ४ ओहमचे दोन स्पीकरचे डबे माळ्यावरून काढून नव्या ६ ओहमच्या फ्रंट स्पीकरच्या टर्मिनलमध्येच कोंबले होते.

यासाठी इंजिनिअर लागत नाही. सेनापती बापट रस्त्यावर ज्यांचं कार्यालय आहे त्या बालभारतीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक पुरतं. धाराविद्युतचा धडा काढा, त्यात रोधांची समांतर जोडणी पाहा. समांतर जोडले की एकूण रोध त्यातल्या सगळ्यांत लहान रोधापेक्षाही कमी होतो. ६ आणि ४ समांतर म्हणजे २४ भागिले १०, म्हणजे २.४ ओहम. मामांच्या रिसीव्हरच्या (होम थिएटरचं मुख्य यंत्र, अ‍ॅम्प त्यातच असतो) पाठीवर, टर्मिनलच्या शेजारीच, ६ ते १६ ओहम असं छापलंय. आता त्याच धड्यातला ओहमचा नियम लावा. १२ व्होल्टला ६ ओहममधून २ अँपिअर जातात, २.४ ओहममधून ५. अडीचपट प्रवाह आतल्या ट्रान्झिस्टरांनी आणि ट्रान्सफॉर्मरने सोसायचा, तोही टीव्हीच्या कपाटात, जिथे वारा शिरत नाही. बरं, स्पीकरवर लिहिलेला ओहमचा आकडा हा ढोबळ असतो. स्वर बदलला की तो वरखाली होतो आणि काही ठिकाणी लिहिल्यापेक्षाही खाली जातो. म्हणजे २.४ हाही आशावादी हिशोब.

आता ‘वॅट दुप्पट’ यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. व्होल्टेज तेवढंच राहिलं आणि ओहम निम्मे झाले तर कागदावर वॅट दुप्पट होतात, खरंच होतात. पण ते दोन स्पीकरांत वाटले जातात. नव्या स्पीकरला आधी मिळत होते तेवढेच मिळतात, वाढीव सगळे जुन्या डब्यात जातात. आणि दुप्पट वॅट म्हणजे अवघे ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेवढ्या ३ डेसिबलसाठी हजारो रुपयांचं यंत्र भाजायचं? मामांचं नशीब, की संरक्षण सर्किटने वेळीच रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, सोडला. ते ‘खट्’ त्याचंच. सगळ्या स्वस्त अ‍ॅम्पमध्ये ही सोय धड असतेच असं नाही.

"पण मागे ए आणि बी अशी दोन-दोन टर्मिनलं असतात ना, मग?" हा मामांचा प्रश्न. असतात काही रिसीव्हरना. पण त्यांच्याही पाठीवर बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं, की ए आणि बी एकदम वाजवायचे तर प्रत्येक स्पीकर जास्त ओहमचा हवा. तेही आतून बहुधा समांतरच असतं.

लाल-काळ्याचं सांगतो. एकच स्पीकर असेल तर उलटा जोडल्याने काही कळणार नाही, हे खरं. पण फ्रंट दोन असतात. एक सुलटा आणि एक उलटा झाला की एकाचा कोन (स्पीकरचा थरथरणारा पडदा) बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. तबल्याचा डग्गा गायब, गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर भटकतो. दोन्ही उलटे केले तर आपसात जमेल, पण मधल्या सेंटर स्पीकरशी आणि खालचे स्वर वाजवणाऱ्या सबवूफरशी पटणार नाही. वायरवर खूण नसेल तर ती अ‍ॅम्पपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल तिच्या टोकांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला, की सेलच्या धन टोकाला टेकलेली तार लाल. जाळी काढून बघा म्हणजे दिसेल.

वायरबद्दल थोडक्यात. १.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या लवचिक वायरचा रोध किलोमीटरला १३ ओहमच्या आसपास असतो. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.१३ ओहम. ६ ओहमच्या स्पीकरला हे पाव डेसिबलही नाही. ऑक्सिजनमुक्त तांबं साध्यापेक्षा एखादा टक्का चांगलं वाहतं, बस. हां, खोक्यात येणारी केसासारखी वायर १५ मीटर ओढली तर फरक पडतो, तेवढं मेसेजला देऊन टाकू. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत वायर घेताना मात्र टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम.

लांबीचं तर हसू येतं. वायरीत २ मीटरचा फरक म्हणजे साधारण १० नॅनोसेकंद. सोफ्यावर मान एक सेंटिमीटर हलवलीत तर आवाजाच्या वेळेत याच्या जवळपास तीन हजारपट फरक पडतो. रिसीव्हरला सांगायचं असतं ते स्पीकर ते सोफा हे अंतर. त्यासाठी टेप घ्या.

आणि चालू अ‍ॅम्पला वायर जोडणं! तारेचा एक केस लाल-काळ्यामध्ये आडवा पडला की शॉर्ट. प्लग काढा, तारेला नीट पीळ द्या, मगच जोडा.

रविवारी दुपारपर्यंत जुने डबे सुटले आणि रिसीव्हर तीन तास अखंड वाजला. डबे आता स्वयंपाकघरात आहेत, त्यांच्या मूळच्या जुन्या अ‍ॅम्पवर. मामी सकाळी त्यांच्यावर आकाशवाणी ऐकतात. तळजाईच्या ग्रुपवर दुरुस्ती टाका म्हटलं, तर मामा म्हणाले, "तू लिही, मी पाठवतो."

लिहिलंय, मामा. पाठवा.