कुठपर्यंत आलीस?

‘सध्या काय वाचतेयस?’ असं कुणी विचारलं की खोकल्याची उबळ आणावी, फोन वाजल्यासारखं करावं, पण खरं उत्तर देऊ नये. खरं उत्तर सांगण्यासारखं नसतंच मुळी. एक रहस्यकथा, जिच्यातला खुनी कोण हे पाठ असूनही मी ती परत वाचतेय. उशाशी एक आत्मचरित्र, ज्याचे लेखक गेले कित्येक महिने अजून चौथीतच आहेत. आणि वॉशिंग मशीनसोबत आलेली माहितीपुस्तिका, जी मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. हे चारचौघांत कोण सांगणार? मग कपाटातलं त्यातल्या त्यात जाड पुस्तक आठवायचं आणि त्याचं नाव ठोकून द्यायचं. समोरचा ‘अरे वा!’ म्हणतो आणि घाईघाईने विषय बदलतो. त्यावरून ओळखावं, त्याच्याही कपाटात ते तसंच उभं आहे.

१७७३ साली इंग्रजी शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांना कुणीतरी एका नव्या पुस्तकाबद्दल छेडलं. ते म्हणाले, चाळलंय. ‘म्हणजे पूर्ण नाही वाचलं?’ यावर डॉक्टरसाहेब उखडले आणि उलट विचारते झाले, ‘तुम्ही काय पुस्तकं पूर्ण वाचता?’ त्यांचा चरित्रकार बॉझवेल याने हे सगळं नोंदवून ठेवलंय. उत्तर झकास आहे, पण ते द्यायला आधी अख्खा शब्दकोश लिहिलेला असावा लागतो. आपण दिलं तर लोक नुसतंच आळशी म्हणतील.

आणि गंमत अशी की विचारणाऱ्याला आपल्या उत्तराशी काही देणंघेणं नसतं. त्याला स्वतःचं सांगायचं असतं. आपलं वाक्य संपायच्या आत तो ‘ते ठीक आहे गं, पण तू हे वाच’ यावर आलेला असतो. काही जण शेवट सांगत नाहीत म्हणतात आणि ‘फक्त त्या भावाच्या पत्राकडे लक्ष ठेव’ म्हणून जातात. पुढची चारशे पानं आपण पोस्टमनची वाट बघत काढायची. काही जण सुचवता सुचवता टोमणे मारतात. मला आजवर वेळेच्या नियोजनावरची पुस्तकं इतक्या जणांनी सुचवलीत की ती वाचायला वेळ काढणं हेच एक नियोजन होऊन बसलंय. सगळ्यात घातक जमात मात्र ‘अगं, अगदी तुझ्यावरच लिहिलंय’ म्हणणाऱ्यांची. आपण मोहरून पुस्तक आणतो. त्यातली बाई चिडखोर, चेंगट, आल्यागेल्याशी भांडणारी आणि शेवटी विहिरीत पडणारी निघते. यांना नक्की कुठलं पान वाचताना माझी आठवण झाली, हे विचारायची सोय नसते.

ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम मांडले. त्यातले दोन असे, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. किती समंजस माणूस! प्रत्येक पुस्तक प्रत्येक वाचकाच्या डोक्यावर आपटावं, असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. उलट चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आमच्या गोतावळ्यात हा नियम अजून पोचायचाय. २०१९ साली मार्क ब्रिसबर्ट या मानसशास्त्रज्ञाने वाचनवेगावरचे १९० अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. इंग्रजीत मनातल्या मनात कथा-कादंबरी वाचणारा माणूस मिनिटाला सरासरी २६० शब्द वाचतो. म्हणजे १ लाख ८० हजार शब्दांची कादंबरी साडेअकरा तास खाते, तेही मध्ये दाराची बेल वाजली नाही तर. ‘वाच गं, छान आहे’ म्हणायला दोन सेकंद लागतात. या सौद्यात बुडतो कोण, ते वेगळं सांगायला नको.

माझी एक मैत्रीण तर नुसतं सुचवून थांबत नाही, पुस्तकच हातात कोंबते. अशीच तिने एक ६२४ पानांची कादंबरी मला दिली, प्लास्टिकचं कव्हर घातलेली. ‘पान दुमडू नकोस, चहाचा कप ठेवू नकोस,’ असं बजावून दिली. वर म्हणाली, ‘सुरुवातीची शंभर पानं जरा रेटावी लागतात, मग बघ कशी धरून ठेवते.’ आता, ज्या पाहुण्याशी पहिले चार तास बोलवत नाही त्याला मी पाचव्या तासाला जेवायला थांबवत नाही. पण मैत्रीपुढे इलाज नसतो.

मग तगादा सुरू झाला. ‘कुठपर्यंत आलीस?’ मी म्हणायचे, ‘चाललंय.’ ‘ती म्हातारी आली का?’ ‘आत्ताच आली.’ ‘कशी वाटली?’ ‘म्हातारी वाटली.’ कर्ज देणाऱ्या माणसांनाही निदान हप्त्याची तारीख ठरलेली असते.

एके रात्री मी निर्धाराने बसले. बाईसाहेबांनी पेन्सिलीने वाक्यं अधोरेखित केली होती, समासात ‘किती खरं!’, ‘!!’ अशा दाद दिल्या होत्या. चाळिसाव्या पानापर्यंत दादेचा पाऊस, मग तुरळक सरी, आणि ६१व्या पानावर शेवटची रेघ. तीही वाक्याच्या मध्येच सोडून दिलेली. त्यापुढे सगळं कोरडं. दोन पानं तर कापताना छापखान्यात सुटून एकमेकांना चिकटलेली होती, ती तशीच चिकटलेली. म्हातारी ५८व्या पानावर येते, हेही तेव्हाच कळलं.

जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या गणितज्ञाने २०१४ साली हीच युक्ती किंडल या ई-पुस्तकांच्या यंत्रावर करून पाहिली होती. वाचकांनी सर्वांत जास्त खुणा केलेले उतारे पुस्तकात कुठे येतात, त्यावरून लोक कुठपर्यंत पोचत असावेत याचा त्याने गमतीगमतीत अंदाज बांधला. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ या काळाच्या इतिहासाला ६.६ टक्के मिळाले. अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी यांच्या भांडवलावरच्या ग्रंथाला तर फक्त २.४. त्या मानाने ६१वं पान म्हणजे जवळजवळ दहा टक्के. मैत्रीण हॉकिंगच्या वाचकांना मागे टाकून गेली होती, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं.

पण तिची अब्रू अशी पान ६१वर उघडी पडलेली मला बघवेना. (माझीही ६३वर पडली होती, तो मुद्दा निराळा.) मी पेन्सिल घेतली, चिकटलेली पानं सुरीने सोडवली आणि पुढच्या पानांवर मध्ये मध्ये रेघा मारत गेले. लहान वाक्यं निवडली, हात दुखत नाही. समासात ‘किती खरं!’ लिहायचं धाडस केलं नाही, कारण अक्षर कळलं असतं. उद्गारचिन्हं मात्र सढळ हाताने वाटली, त्यांना अक्षर नसतं.

पुस्तक परत केलं तेव्हा तिने ते प्रेमाने चाळलं आणि ३८८व्या पानावर थबकली. ‘बघ! हे वाक्य!’ तिने मोठ्याने वाचलं, ‘मग त्याने खिडकी लावून घेतली.’ शेजारी माझी दोन उद्गारचिन्हं. ‘इथे मी किती वेळ नुसती बसून राहिले होते गं.’ मग तिने ती खिडकी मला उलगडून सांगितली. त्यात त्याचं बालपण होतं, म्हातारीचा एकटेपणा होता, आणि बाहेरच्या जगाशी त्याने कायमचा मोडलेला संवाद होता. एका खिडकीत एवढं मावेल असं पेन्सिल हातात असताना मला अजिबात वाटलं नव्हतं. अंगावर काटा आला.

‘दे गं परत,’ मी म्हटलं, ‘जरा नीट वाचते.’

‘छे, आता नाही मिळायचं,’ तिने पुस्तक पोटाशी धरलं. ‘मलाच पुन्हा एकदा वाचायचंय.’